उन्हाळ्यात पाण्यात उतरायचं, तर वेडर कोणता घ्यावा? (अनुभव धागा)

चैत्र लागला की नाथसागराचं पाणी मागं सरकतं, गाळपेराची जमीन उघडी पडते आणि काठावरून टाकलेला गळ गुडघाभर पाण्यातच पडतो. मग वेडरची आठवण होते. बूट आणि पँट एकसंध असलेला, छातीपर्यंत येणारा हा पोशाख आता घरबसल्या मागवता येतो. पण पारा ४२ ला टेकल्यावर तो अंगावर सोसवतो का? स्वतःच्या पैशानं घेतलाय त्यांनीच लिहा, किमतीसकट.

पैठण
सुरुवात माझ्यापासून. पहिला वेडर पीव्हीसीचा, १,८०० रुपयांचा. आत जीन्स. दोन तासांनी बाहेर आलो तर मांड्या चिंब. फाटका माल गळ्यात मारला म्हणून विक्रेत्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. घरी तो बाजेला टांगला, आत दोन बादल्या पाणी ओतलं, रात्रभर ठेवला. सकाळी खाली थेंब नाही. सगळा माझाच घाम होता!

नांदेड
मी श्वास घेणाऱ्या कापडाचा घेतला, ६,२०० ला, सवलतीत. या कापडात एक पातळ पडदा असतो. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. वाफ जाते म्हणजे गार लागतं असं मात्र नाही. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हाच ती जाते. म्हणून आपल्या कोरड्या मे महिन्यात कमरेवरचा भाग बरा चालतो, पण श्रावणात हवाच ओली, तेव्हा तोच वेडर चिकट होतो. आणि जेवढा भाग कोमट पाण्यात बुडालेला, तिथं वाफेला फारशी वाट नाही. तेव्हा विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला मी छातीचा भाग कमरेपर्यंत दुमडून पट्ट्यानं आवळतो. आत पातळ ट्रॅक पँट घालायची, सुती काही नको. सुती कापड घाम धरून बसतं, मग महागडा पडदाही काही करत नाही.

माजलगाव
आमचं घरच मासेमारीचं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारी माणसं आम्ही, उन्हाळ्यात वेडर कशाला लागतोय? हे पाहुणे घालून येतात तेव्हा आमची पोरं हसायलेत. पण वडिलांच्या बोटांमधल्या चिखल्या काही केल्या बऱ्या होईनात, अन् पौषात पहाटे पाण्यात पाय घालवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक घेतला. चूक एवढीच झाली की पायात नुसता मोजा असलेला घेतला, वरून वेगळे बूट घालायचे. सिंदफणेचा काळा गाळ लई चिकट. तिसऱ्याच पावलाला पाय वर आला अन् बूट खालीच राहिला. अजून तिथंच आहे. आपल्या गाळाला बूट जोडूनच आलेला वेडर पाहिजे. तळाला नमद्याचा (फेल्टचा) थर नको, तो खडकासाठी असतोय, चिखलात नुसता भरून बसतो.

येलदरी
मी शिक्षिका. मापं सगळी पुरुषांची, त्यामुळं पाय लांब आणि कंबर आवळ. घालून उकिडवं बसून बघा. बसताना शिवण ताणली तर एक माप मोठा घ्या. माझ्या वेडरला बाभळीचा काटा लागला. छिद्र सापडेना. रात्री दिवे घालवून आत टॉर्च धरला तेव्हा दिसलं. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन दोन दिवसांत उचकटलं. नंतर लवचीक राहणारा जलरोधक गोंद आतून लावला, तो अजून आहे. आणि उन्हात वाळवू नका. उलटा करून सावलीत टांगायचा.

इसापूर
पट्टा न बांधता उतरलो होतो. गाळात पाय सरकला, पाणी वरून आत. आत पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो म्हणतात, तसं नाही झालं. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. पण काठ चढताना दोन्ही पायांत घागरी बांधल्यासारखं झालं. सोबत्यानं गळाची काठी पुढं केली म्हणून निघालो. कमरेचा पट्टा घट्ट बांधा. एकट्यानं उतरू नका.

पैठण
मागवताना जाहिरातीत काय बघायचं, असं दोघांनी विचारलंय म्हणून सांगतो. फोटोखाली ‘हवा खेळती’ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘१०० टक्के पीव्हीसी’. त्यातून वाफ जात नाही, चित्रात कितीही बाण काढलेले असोत. कापड किती थरांचं आहे आणि शिवणींवर आतून पट्टी मारलीय का, तेवढं वाचा. बाकी खिसे-बिसे सोडून द्या. आणि तलाव मासेमारीसाठी ठेक्यावर असतो, मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारूनच बसा.

परभणी
खरं सांगू? मे महिन्यात मी हाफ पँट आणि जुने कॅनव्हासचे बूट घालून उतरतो, उन्हात लवकर वाळतात. काचा आणि शिंपले पायाला लागू नयेत एवढंच बघायचं. माझा साडेसात हजारांचा वेडर दिवाळीनंतर निघतो, शिवरात्रीला परत कपाटात.

हिंगोली
परभणीकर, बूट कितव्या नंबरचा आहे? नऊ असेल तर शिवरात्रीनंतर आम्हाला द्या.