शब्दचर्चा: 'लिलाव' की 'पावणी'?

मांडवीतीर
आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या गोव्याच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन लागतंय. चित्रांखालच्या ओळी मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपांचा चिटणीस होता. त्याचं पुस्तक १५९६ साली निघालं. त्यातलं बाजाराचं चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. खाली पोर्तुगीजमध्ये लिहिलंय: गोवे शहरातल्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी होणारा 'लैलांव'. मी सरळ 'लिलाव' लिहिलं. समितीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ते तांबड्या शाईने खोडून 'पावणी' केलं, म्हणजे लिलावाला गोव्यात म्हणतात तो शब्द. वर म्हणाले, "बाय, गोंयांत लिलांव कोण म्हणटा?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण पावणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर देवळाचा चौक येतो. पालखी आत गेली की देवीला वाहिलेली लुगडी, नारळ, केळ्यांचा घड चटईवर मांडतात. दोनशे रुपयांचा घड कोणीतरी पाच हजारांना घेतो आणि संध्याकाळपर्यंत वाड्यावर घरोघर दोन-दोन केळी पोचतात. लिन्सखोटेनच्या बाजारात सकाळी सात ते नऊ अरबी घोडे विकले जात, मसाले विकले जात आणि माणसंही विकली जात. तिथे 'पावणी' लिहायला माझा हात धजत नाही. काय लिहू?

कोशवेडा
ताई, 'लिलाव'च ठेवा. चित्राखालचा शब्द आणि आपला शब्द एकच आहे! जुन्या छापील मराठीत 'लिलांव' दिसतो. त्यावरचा अनुस्वार म्हणजे पोर्तुगिजांचा नाकातला उच्चार. आसगावच्या मोन्सेन्योर दालगादोंनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली जो ग्रंथ काढला, त्यात हा शब्द भाषेमागून भाषेत दाखवलाय. बंगाली-हिंदीत नीलाम, मल्याळममध्ये लेलम, तमिळमध्ये एलम, तेलुगूत वेलम, पार इंडोनेशियात लेलांग. पोर्तुगिजांची गलबतं जिथे लागली तिथे हा शब्द उतरला. गोव्यात बसून तोच परका म्हणून खोडायचा, हे मला पटत नाही.

अंत्रुजकर
आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला? पावणी ही 'पावणे'वरून आली. देव पावला, पैसे पावले, पावती दिली, तशीच पावणी. आमच्या आजोबांच्या कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कागदांत शेतांच्या पावणीला 'हस्त पुब्लिक' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. हात वर करून बोली द्यायची म्हणून 'हस्त'. म्हणजे पोर्तुगिजांनीही शब्द आपल्याकडूनच उचलला.

कोशवेडा
भाऊ, तो 'हस्त' नव्हे. पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा ह उच्चारत नाहीत, शब्द आहे 'आस्ता', आणि त्याचा अर्थ भाला. रोमन लोक लढाईतली लूट जमिनीत भाला रोवून त्याच्याखाली विकायचे. बोली संपली, सैन्य पुढे गेलं, भाला तेवढा कोमुनिदादीच्या कागदापर्यंत पोचला. मला ही गोष्ट फार आवडते, पण संस्कृतशी तिचं काही नातं नाही.

आणि उसने शब्द काढायचेच तर तुरुंगही काढावा लागेल. पोर्तुगीज 'त्रोंकु' म्हणजे झाडाचा बुंधा, खोड. कैद्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवायचे, त्यावरून कैदखान्यालाच ते नाव पडलं. जुन्या गोव्यातला तुरुंग याच नावाने ओळखला जायचा.

पेडणेकरीण
माझे वडील सांगायचे की लिलाव हा 'एलान'वरून आला. ओरडून जाहीर करायचं म्हणून.

कोशवेडा
वडील अगदी जवळ पोचले होते. पोर्तुगीज शब्दच अरबीतल्या 'अल-आलाम'वरून आला असं त्यांचे कोश सांगतात. त्याचाही अर्थ जाहीर करणं, खूण करणं असाच. फक्त 'एलान'चा धातू वेगळा.

बीडहून पणजीत
आमच्याकडे या सगळ्याला 'हर्रास' म्हणतात. कोंडवाड्यातल्या जनावरांचा हर्रास.

मांडवीतीर
सगळं वाचलं, मनापासून आभार. पण माझा प्रश्न व्युत्पत्तीचा नव्हता. फ्रेंच खलाशी पिरार १६०८ मध्ये गोव्यात आला. त्यानेही लिहून ठेवलंय की इथे माणसं घोड्यांसारखी विकतात. मोझांबिकहून आणलेल्या मुली त्यात होत्या. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली १८३६ मध्ये आणि आपल्या सगळ्या मुलखांतली गुलामी कायद्याने संपवली ती १८६९ मध्ये. आज आपण त्याच रुआ दिरैतावरून दिवाडी बेटाच्या फेरीबोटीला जातो. शाळेत आम्हाला चर्च शिकवली, हे कोणी सांगितलं नाही. ओळ एकच लिहायची आहे, म्हणून शब्द नेमका हवा.

अंत्रुजकर
असं असेल तर मी माझं म्हणणं बदलतो. पावणी लिहू नका. बाजार त्यांचा, पाप त्यांचं, शब्दही त्यांचाच राहू दे. 'लिलाव' लिहा.

कोशवेडा
मी लिलावाच्या बाजूचा, तरी हे कारण मला मान्य नाही. मोझांबिकच्या गुलामव्यापारात दीव-दमणच्या वाण्यांचंही भांडवल होतं. परका शब्द घातला म्हणून आपण त्यातून सुटत नाही.

पेडणेकरीण
आमच्या वाड्यावर वडाखाली खाप्रो आहे. वर्षातून एकदा त्याला रोट आणि विडी देतात. आजी म्हणायची, तो काळा, उंच राखणदार, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. पोर्तुगीज आफ्रिकनांना 'काफ्र' म्हणत, तोच हा शब्द, हे मला कॉलेजात असताना कळलं. तेव्हापासून रोट ठेवताना वाटतं, हा कोणाच्या घरी राबला असेल? चित्राखाली जागा असली तर त्याच्याबद्दलही एक ओळ लिही गं.

अंत्रुजकर
खाप्रो देव आहे. त्याला गुलाम म्हणू नये.

पेडणेकरीण
दादा, मी कमीपणा आणायला नाही म्हटलं. ज्याला विकत आणलं तो आमची वाट राखतो, म्हणून तर हात जोडते.

मानशीकडचा
उशिरा वाचतोय. पावणी फक्त देवळात नसते. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) मासळीची पावणी दरवर्षी होते आणि तिथे भक्तीबिक्ती काही नसते. कंदील, वही आणि "एकवार, दोनवार". गेल्या खेपेला दोन सख्खे भाऊ बोली चढवत इतके गेले की अजून एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा पावणी पवित्र म्हणून वगळू नका, मांडवीतीर. वगळायची तर दुसरं कारण शोधा. आमच्याकडे नव्वदीचे एक काका आहेत, बांधावरच्या जुन्या पावण्या त्यांनी पुकारलेल्या. त्यांच्या वडिलांच्या वेळी शब्द कुठला होता, ते उद्या विचारून इथे लिहितो.