विंडोज ७ मधून प्रिंट स्पूलरच गायब

प्रश्न: बाबांच्या कॉम्प्युटरवरचा व्हायरस काढला आणि तेव्हापासून प्रिंटर बंद. सर्व्हिसेसच्या (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या) यादीत ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी सर्व्हिस) हे नावच नाही! रविवारी सोसायटीच्या पावत्या वाटायच्यात, बाबा अगदी हवालदिल झालेत.

उत्तर: सिस्टिम ३२ फोल्डरमध्ये स्पूलरची ‘स्पूलएसव्ही’ (spoolsv.exe) फाइल आहे का, आधी बघा.

प्रश्नकर्ती: आहे. एसएफसी स्कॅनही (विंडोजच्या बिघडलेल्या सिस्टिम फाइल्स दुरुस्त करणारी तपासणी) केला, फरक शून्य.

उत्तर: मग रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या डेटाबेसमधली) स्पूलरची नोंद उडालीय, ती त्या स्कॅनने परत येत नाही. दुसऱ्या विंडोज ७ मशीनवर रेजएडिट (रजिस्ट्री बघण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम) उघडून ‘सर्व्हिसेस’खालची ‘स्पूलर’ की (नोंदींचा फोल्डर) फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. तुमच्या रजिस्ट्रीचा बॅकअप आधी घ्याच. मग एक्स्पोर्ट केलेली फाइल तुमच्या रजिस्ट्रीत मर्ज करून रीस्टार्ट.

प्रश्नकर्ती: मावशीच्या लॅपटॉपवरून आणली. पहिली पावती गरम गरम हातात आली! मनापासून आभार.