हॉलच्या शेडचं काय करायचं? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

ए-१०२ जोशी वहिनी: नमस्कार. काल आमच्याकडे मुलीला बघायला मंडळी आली होती. गेटातून आत शिरताना मुलाच्या मामांनी विचारलं, "भंगारवाला आतच बसतो का?" ते आपल्या गंजलेल्या पत्र्याच्या हॉलकडे बघून बोलत होते. पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचं ते कमिटीने सांगावं 🙏

बी-२०३ मंदार: सांगायचं, हो, सेक्रेटरी आहेत ते 😂

सेक्रेटरी सावंत: मंदार, गणपतीत त्याच हॉलात रात्र रात्र पत्ते कुटलेस, तेव्हा भंगार दिसलं नाही.

ए-३०४ बर्वे काका: आधी पन्हळ बदला. रंग नंतर.

खजिनदार शिर्के: वहिनी, मे महिन्यात कोटेशन आणलेलं आठवत असेल. बाहेरून नवे पत्रे आणि दर्शनी बाजूला एसीपी (ॲल्युमिनियमचे चकचकीत पॅनल), एकूण २,८५,०००. दुरुस्ती फंडात आहेत ९२,०००. आपण ४२ सभासद, म्हणजे उपविधीप्रमाणे कमिटीच्या हातात पन्नास हजार. त्यावर गेलं की सर्वसाधारण सभा. आणि सभेला कोण येतं ते आपण बघतोच.

सी-१०४ देसाई (मस्कत): सिंकिंग फंड आहे ना? फोटो पाठवतोय, इथली गोडाउनं बघा कशी चकाचक.

खजिनदार शिर्के: सिंकिंग फंड इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी, मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, रंगरंगोटीसाठी नसतो देसाई. हे तुम्हाला चौथ्यांदा सांगतोय. तुमचा दोन तिमाहींचा मेंटेनन्सही बाकी आहे, ते मात्र पहिल्यांदाच सांगतोय.

*सी-१०४ देसाई यांनी हा मेसेज डिलीट केला.*

बी-३०२ पेडणेकर: रंग दिला होता की तीन वर्षांपूर्वी. पहिल्याच पावसात पापुद्रे सुटले. तो पेंटर कोणी आणला होता, यावर कोणी बोलत नाही.

ए-१०२ जोशी वहिनी: स्पष्ट बोला पेडणेकर. तो यांच्या ओळखीचा होता, नातेवाईक नव्हता.

बी-३०२ पेडणेकर: मी कुठे कोणाचं नाव घेतलं?

ए-३०४ बर्वे काका: पेंटर कोणीही असता तरी रंग सुटलाच असता. कोऱ्या जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला. जस्त आणि ऑइलपेंटची प्रक्रिया होऊन मधे साबण तयार होतो, मग रंग धरणार कशाला? अशा पत्र्याला आधी एच (etch) प्रायमर लागतो, जस्ताला धरून राहणारं अस्तर. आणि ते सगळं नंतर. आधी पन्हळ.

ए-२०१ प्रिया: काका, पत्र्यावर मधुमालती चढवली तर? झाकूनच जाईल सगळं. खर्च नाही.

बी-३०२ पेडणेकर: हो, आणि त्यात फुरसं बसेल. पोरं तिथेच खेळतात.

ए-३०४ बर्वे काका: वेल पत्र्याला चिकटली की ओल धरते, आतून गंज चालू. लावायचीच तर पत्र्यापासून हातभर अंतरावर जाळी उभी करून लावा.

सी-२०२ नेहा: बांबूची चटई? रिसॉर्टला असते तशी. फार गोड दिसेल.

बी-२०३ मंदार: रिसॉर्टवाले दर वर्षी बदलतात. आपण दर वर्षी मीटिंगची तारीख बदलतो.

सेक्रेटरी सावंत: कृपया विषयाला धरून बोला.

सी-२०२ नेहा: मग मुलांकडून वारली काढून घेऊ.

बी-२०३ मंदार: नको गं बाई. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या कंपाउंडवर तोच तारपा चाललाय.

ए-३०४ बर्वे काका: आज सकाळी मी स्वतः जाऊन बघून आलो. उत्तरेकडचे चार पत्रे खालून वीतभर कुजलेत, बोट लावलं की तुकडा पडतो. पन्हळीचा जोड उघडलाय, पाणी थेट मातीवर आपटतं, चिखल उडून पत्र्याला बसतो. त्यात समुद्राचा खारा वारा. वरच्या हुक बोल्टांचे डांबरी वायसर वाळून तडकलेत, म्हणून प्रत्येक बोल्टखाली तांबडा ओघळ आहे. मामांना दिसलं ते हेच. बाकी पत्रा ठणठणीत आहे. एसीपी मारलंत तर आत हेच कुजत राहील, फक्त दिसणार नाही.

ए-१०२ जोशी वहिनी: काका, हे मे महिन्यात का नाही बोललात?

ए-३०४ बर्वे काका: बोललो होतो. मिनिट्समध्ये "इतर विषयांवर चर्चा झाली" असं आहे.

सेक्रेटरी सावंत: 🙏

सी-३०३ मुल्ला भाई: काकांचं खरं आहे. खालचे तीन फूट पत्रा कापून टाका आणि जांभ्याचा चिरा लावा. चिखल उडला तरी चिऱ्यावर, पुढून दिसायलाही घरासारखं. माझ्या बांधकामाचे निम्मे चिरे उरलेत, ते सोसायटीला असेच देतो. गवंडी ओळखीचा आहे.

बी-३०२ पेडणेकर: असेच म्हणजे वाहतूक कोणाची?

सी-३०३ मुल्ला भाई: टेम्पोपण माझाच, पेडणेकर साहेब.

खजिनदार शिर्के: रंग किती लागेल? हॉल ४० बाय २०, उंची १०.

ए-३०४ बर्वे काका: भिंती १,२०० चौरस फूट. खालचे तीन फूट चिऱ्याचे वजा करा, ८४०. पत्रा नागमोडी, म्हणून दहा-पंधरा टक्के वाढवा. भिंतींच्या दोन हातांना साधारण सोळा लिटर. गंजाला तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर, त्या जागी झिंक फॉस्फेट प्रायमर. जिथे नुसतं जस्त उघडं आहे तिथे एच प्रायमर. मिरकरवाडा बंदरात बोटींच्या लोखंडाला लावतात तो इपॉक्सी रंग आणखी चांगला, पण महाग, आणि उन्हात त्याची पूड होते, वर दुसरा रंग द्यावाच लागतो. आपल्याला नको. दसरा झाला की करा, दव सुकल्यावर. पन्हळ मात्र त्याआधी.

सी-२०२ नेहा: रंग कोणता? मला पिस्ता.

ए-१०२ जोशी वहिनी: पिस्ता म्हणजे सरकारी दवाखाना. क्रीम.

बी-२०३ मंदार: क्रीमवर गंज उठून दिसेल. चॉकलेटी.

ए-३०४ बर्वे काका: छप्पर पांढरं, ऊन परततं, आत उकाडा कमी. भिंती राखाडी, दारं-खिडक्या चॉकलेटी. खाली चिऱ्याचा तांबडा आहेच. चौथा रंग कोणी सुचवू नये.

सी-२०२ नेहा: बरं.

खजिनदार शिर्के: घासायची मजुरी वाचली तर पन्हळ, वायसर, गवंडी, रंग, पेंटर, सगळं ४६-४७ हजारांत बसेल. सभा लागणार नाही.

सेक्रेटरी सावंत: ठरलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी ९ वाजता गंज घासायला प्रत्येक घरातून एक माणूस. ब्रश सोसायटीचे. शिडीवर फक्त पेंटर चढेल, मंदार नाही.

बी-२०३ मंदार: नाश्ता?

ए-१०२ जोशी वहिनी: पोहे माझ्याकडे. पेडणेकरांनी चहा आणावा.

बी-३०२ पेडणेकर: मीच का?

सी-१०४ देसाई (मस्कत): उत्तम निर्णय. मी मनाने तुमच्यासोबत आहे.

खजिनदार शिर्के: मनाने गंज निघत नाही. मेंटेनन्स पाठवा.