मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाधुळीसाठी एअर फोर्क घ्यावा की कॉइल?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २७.५ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) सायकल आहे. तिच्यासोबत आलेला १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, कॉइल फोर्क (पुढचे चाक धरणारा आणि धक्के शोषणारा भाग) आता पुरता झिजला आहे. स्टँशनवरचा (फोर्कच्या वरच्या, आत सरकणाऱ्या नळीवरचा) क्रोमचा थर एका बाजूने घासला गेला आहे आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली, की हेडसेट (हँडल वळवणारे बेअरिंग) घट्ट असूनही बुशिंगमधला (नळ्या सरकतात त्या आतल्या कड्यांमधला) खुळखुळ हाताला जाणवतो. दुरुस्तीऐवजी नवाच फोर्क घ्यायचे ठरले आहे, परंतु एअर आणि कॉइल यांत निर्णय होत नाही.

आधी वापराविषयी सांगतो. आठवड्यात सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीकडच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे फेरी होते, तिथे कोणताही फोर्क चालेल. खरी परीक्षा सुटीच्या दिवशी कळमेश्वर-काटोलच्या बाजूला, संत्र्यांच्या बागांमधून जाणाऱ्या पांदणींवर होते. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगडासारख्या टणक होतात, आणि जिथे मुरूम टाकलेला असतो तिथे सुटे खडे अखंड लागतात. मी उड्या मारत नाही; त्यामुळे मोठा धक्का पचवण्यापेक्षा लहान लहान धक्के मनगटापर्यंत न पोहोचणे मला महत्त्वाचे वाटते. पाठीवरच्या पाण्यासह माझे वजन ९२ किलो आहे.

वाचून जे समजले ते असे. कॉइलमध्ये पोलादी स्प्रिंग असते, तिचा ताठपणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो, हवा अडवणाऱ्या सीलचे घर्षण नसल्यामुळे ती बारीक खड्ड्यांनाही लगेच दबते, आणि तापमानाचा तिच्यावर जाणवेल असा परिणाम होत नाही. एअर फोर्क त्याच प्रतीच्या कॉइलपेक्षा साधारण ३०० ते ५०० ग्रॅम हलका असतो, पंपाने वजनानुसार जुळवता येतो आणि दबत जाईल तसा अधिक ताठ होतो. इथवर कॉइलचे पारडे माझ्यासाठी जड दिसते, पण तिथेच माझ्या ९२ किलो वजनाचा प्रश्न आडवा येतो.

शहरातील एका दुकानदाराने मात्र "आपल्याकडच्या उन्हात एअर फोर्क फुटतो" असे ठामपणे सांगितले. म्हणून मी हिशेब करून पाहिला. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना ९० पीएसआय (दाबाचे एकक) हवा भरली आणि मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ अंशांवर गेला, तर निरपेक्ष (केल्विनमधले) तापमान सुमारे ११ टक्क्यांनी वाढते आणि पंपाच्या काट्यावर दाब १०२ च्या आसपास दिसायला हवा. मे महिन्याच्या एकाच दिवसात, पहाटेच्या २९ अंशांपासून दुपारच्या ४४ अंशांपर्यंत, हा फरक पाचेक पीएसआयचा असेल. फोर्क ताठ होईल हे पटते, पण फुटण्याची भीती मला अवास्तव वाटते. हिशेबात काही चुकत असेल तर कृपया सांगावे.

माझे प्रश्न दोन आहेत. ९२ किलो वजनाला कॉइलची योग्य स्प्रिंग मिळेल का, आणि इथल्या धुळीत एअर फोर्कचे सील किती टिकतात?

प्रतिसाद १

आपला हिशेब बरोबर आहे. ऋतू बदलला की पंप लावून दाब पाहावा, इतकाच त्याचा अर्थ. एअर फोर्क ही काही नवी चीजही नाही. रॉकशॉक्स या फोर्क बनवणाऱ्या कंपनीचा पहिला फोर्क, १९८९ च्या सुमाराचा आरएस-१, हवा आणि तेलावरच चालत असे.

आपल्या बाबतीत वजनच निर्णायक आहे असे माझे मत आहे. मध्यम किमतीच्या कॉइल फोर्कमध्ये कारखान्यातून येणारी स्प्रिंग मध्यम वजनाच्या चालकासाठी असते. ९२ किलोला ती बसताक्षणीच बरीच दबते आणि मग धक्क्यासाठी ट्रॅव्हल उरत नाही. वरची प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) चकती फिरवून स्प्रिंग कडक होते हा सार्वत्रिक गैरसमज आहे. त्याने फक्त दबण्याची सुरुवात उशिरा होते, स्प्रिंगचा ताठपणा तसाच राहतो. जास्त ताठ स्प्रिंग वेगळी बनवतात, पण या किमतीच्या फोर्कसाठी ती आपल्याकडे सुटी मिळवणे कठीण. एअर फोर्कमध्ये हेच काम शॉक पंपाने (फोर्कसाठीच्या लहान हातपंपाने) काही मिनिटांत होते. चालवण्याच्या पवित्र्यात उभे राहिल्यावर १०० पैकी १५ ते २० मिलिमीटर दबेल इतका दाब ठेवावा. हवा भरताना फोर्क चार-सहा वेळा दाबून आतल्या पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत ती सारखी होऊ द्यावी आणि मग पुन्हा मोजावी. पंपाची नळी काढताना येणारा फुस्स आवाज बहुतेक वेळा नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नव्हे; त्याला घाबरून जास्तीची हवा भरू नये. टायरचा पंप मात्र लावू नये, कारण हवेचा कप्पा इतका लहान असतो की दाब नेमका ठेवताच येत नाही.

धुळीबाबत कॉइलला सूट नाही. बाहेरचे धूळरोधक सील आणि बुशिंग दोन्हीकडे सारखेच असतात, आणि आपला जुना फोर्क गेला तो तिथेच. खालचे पाय (स्टँशन ज्यांत सरकतात त्या बाहेरच्या नळ्या) उतरवून साफ करणे आणि तेल बदलणे यासाठी रॉकशॉक्स ५० तासांचे अंतर सांगते. सायकल धुताना सीलवर जोराचा फवारा मारू नका.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण तीच अधिक महत्त्वाची आहे. डॅम्पर (फोर्कच्या हालचालीचा वेग आवरणारा तेलाचा भाग) कसा आहे ते पाहा. रिबाऊंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) जुळवता न येणारा एअर फोर्क चाकोऱ्यांमध्ये चेंडूसारखा उसळेल, आणि त्यापेक्षा चांगल्या डॅम्परचा कॉइल केव्हाही बरा. खरेदीपूर्वी हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात फोर्कचा दांडा बसतो) आणि ॲक्सलचे (चाकाच्या आसाचे) माप कळवा.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत, फक्त चिखलदऱ्यासारख्या लांबच्या सफरीचा विचार असेल तर शॉक पंप सोबत ठेवा. एअरचा सील वाटेत गेला तर फोर्क खाली बसतो. कॉइलवाला कुरकुरत का होईना, घरी पोहोचतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. माप घेतले. हेडट्यूब सरळ असून आत ३४ मिलिमीटरची आहे, म्हणजे टेपर्ड स्टिअरर (खाली जाड होत जाणारा फोर्कचा दांडा) बसणार नाही. चाकाला ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज (हाताने खटका उघडून चाक काढता येणारा आस) आहे. त्यामुळे सरळ स्टिअररचा, रिबाऊंडची कळ असलेला, १०० मिलिमीटरचा एअर फोर्क शोधतो आहे. १२० चा मिळत होता, पण त्याने हेडचा कोन सुमारे एक अंशाने सपाट होईल आणि चढावर पुढचे चाक भरकटेल असे वाटल्याने तो सोडला. आता एवढेच सांगा, की खालच्या पायांसाठी लागणारे फोर्क ऑईल नागपुरात लहान बाटलीत कुठे मिळते, की तेही बाहेरूनच मागवावे लागेल?