फोरॅमच्या कवचाच्या आकारावरून जुना समुद्रतळ कळतो का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी, एमएस्सी जिऑलॉजीला आहे, जळगाव जिल्ह्यातला. आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, म्हणून प्रोजेक्टला अरबी समुद्राच्या कोअरचे (तळात नळी घुसवून काढलेल्या गाळाचे) सॅम्पल घेतलेत. त्यात फोरॅम, म्हणजे समुद्रातल्या कवचवाल्या एकपेशी सूक्ष्मजीवांची कवचं बघतोय. मायक्रोस्कोपखाली काही कवचं लांबुळकी, वेणी घातल्यासारखे कप्पे, तर काही एका बाजूने सपाट नि दुसरीकडून फुगीर. सर म्हणतात प्रजाती नाही ओळखता आली तरी आकारावर काम होतं. खरंच होतं का भो?

खडकवेडा:
होतं ना भाऊ. कॉर्लिस नावाच्या संशोधकाने १९८५ मध्ये हेच दाखवलं, सपाट-फुगीरवाले बहुतेक गाळाच्या वर राहतात आणि लांबुळके गाळात शिरून. वर ऑक्सिजन भरपूर, आत कमी, त्यामुळे अन्न जास्त नि ऑक्सिजन कमी झाला की बोलिव्हिना, युव्हिजेरिनासारख्या लांबट मंडळींचं प्रमाण वाढतं, अरबी समुद्रात साधारण २०० ते १००० मीटरवर आजही हेच दिसतं. पण एकेका कवचावरून काही ठरवू नको, आकारावरून केलेला अंदाज चुकतोही, म्हणून प्रत्येक थरात निदान ३०० कवचं मोजून टक्केवारी काढ आणि ती खालून वर कशी बदलते ते बघ.

सातपुडा_ताई:
आणि चाळणी कोणती ते आधी बघ रे! १५० मायक्रॉनवरचंच घेतलं तर बारीक बोलिव्हिना सगळ्या खाली निघून जातात आणि तळ आहे त्यापेक्षा जास्त ऑक्सिजनवाला वाटतो. ६३ पासून घे, डोळे दुखतात, वेळ लागतो, पण घेच.

तापीकाठ:
ताई, ६३ ते १५० चं वेगळं ठेवलंय, तेही मोजतो. असं काम आपल्या जवळच्या खडकात करता येईल का?

खडकवेडा:
जवळचं म्हणजे शिरपूर-सेंधव्यावरून पुढे नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघ गावाजवळचे थर, क्रेटेशियसमध्ये (डायनोसॉरच्या शेवटच्या काळात) समुद्र तिथवर आला होता. पण चुनखडक घट्ट आहे, कवचं अख्खी सुटत नाहीत, थिन सेक्शनमध्ये, म्हणजे काचेवर घासून पातळ केलेल्या खडकाच्या चकतीत, कवचाचा फक्त काप दिसतो आणि लांबुळकं कवच आडवं कापलं गेलं तर गोलच दिसतं. तिथे ही पद्धत लावायची तर एकाच खडकाचे वेगवेगळ्या दिशांनी बरेच काप घ्यावे लागतील.