आर्ची बंकर : प्रेक्षक त्याला हसत होते की त्याच्या बाजूने हसत होते?

लिंबोणी

‘ऑल इन द फॅमिली’ ही जुनी अमेरिकी विनोदी मालिका मी सध्या पहिल्या भागापासून पाहते आहे आणि तिच्या नायकाविषयी येथील जाणकारांचे मत मला हवे आहे. १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेचा नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, मालाच्या धक्क्यावर मुकादमी करणारा गोरा गृहस्थ आहे. कृष्णवर्णीय, ज्यू, पोर्तो रिकन, समलिंगी, स्त्रीवादी यांपैकी कुणाविषयीही तो बरे बोलत नाही, बायकोला, एडिथला, वाक्य पुरे करू देत नाही आणि सासऱ्याच्याच घरी राहून शिकणाऱ्या जावयाचा, मायकेलचा, उठताबसता पाणउतारा करतो. भाग संपतो तेव्हा तो बहुधा तोंडघशी पडलेला असतो, पण बदललेला नसतो. पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीत बसून तो पुन्हा तेच बोलतो.

एडिथच्या बोलण्यावर मला मोकळेपणाने हसू येते. आर्चीच्या वाक्यांवर स्टुडिओतील प्रेक्षक खदखदून हसतात तेव्हा मात्र मी अस्वस्थ होते, कारण त्यांतले किती जण त्याच्या अडाणीपणाला हसत आहेत आणि आपल्या मनातले कुणीतरी उघड बोलून दाखवले म्हणून किती जण सुखावले आहेत, हे त्या हसण्यावरून ओळखता येत नाही. १९७१ ते १९७६ अशी सलग ५ वर्षे ही अमेरिकेतील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. इतक्या घरांनी असा माणूस दर आठवड्याला आपल्या दिवाणखान्यात येऊ दिला, तो नेमका कशासाठी?

टिपणवही

तुम्हाला पडलेला प्रश्न त्या काळी संशोधकांनाही पडला होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील शाळकरी मुलांना आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या प्रौढांना या मालिकेविषयी प्रश्न विचारले होते. मालिका बहुतेकांना आवडत होती. मात्र ज्यांच्या मनात वांशिक पूर्वग्रह अधिक होते, त्यांना आर्चीविषयी अधिक आदर वाटत होता आणि वादात शेवटी त्याचीच सरशी होते असेही त्यांना अधिक प्रमाणात वाटत होते. ज्यांचे पूर्वग्रह कमी होते, त्यांना त्याच प्रसंगांत त्याची फजिती दिसत होती. म्हणजे आधीची मते जशी होती तशी प्रत्येकाला मालिका दिसली.

वाहिनीला मात्र वेगळ्याच संकटाची धास्ती होती. पहिल्या भागाआधी सीबीएसने एक निवेदन दाखवले. आपल्या उणिवा आणि पूर्वग्रह किती हास्यास्पद आहेत हे दाखवणे हा या कार्यक्रमाचा हेतू आहे, असा त्याचा आशय होता. संतप्त प्रेक्षकांचे दूरध्वनी घेण्यासाठी जादा माणसेही बसवली होती, पण अपेक्षेच्या मानाने फारच थोडे दूरध्वनी आले. यात सहिष्णुतेचा विजय झाला असे मला म्हणवत नाही. आर्चीची वाक्ये १९७१ मध्येच पुस्तकरूपाने विकली गेली आणि १९७२ च्या निवडणुकीच्या सुमारास त्याला राष्ट्राध्यक्ष करा म्हणणारे बिल्ले व स्टिकर निघाले. ते विकत घेणारे सगळेच गंमत म्हणून घेत होते, यावर माझा विश्वास बसत नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. माझ्या वयाच्या अमेरिकी सहकाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी ही मालिका लागत असे, त्यांच्या आठवणी बऱ्याच सारख्या आहेत : वडील आणि मुलगा एकाच सोफ्यावर बसून पाहत, दोघेही हसत, आणि मालिका आपल्याच बाजूची आहे अशी दोघांचीही खात्री असे. व्हिएतनाम युद्धावरून ज्या घरांत बापलेकांचे बोलणे तुटले होते, तेथे आठवड्यातला निदान अर्धा तास तरी दोघे एका खोलीत बसत, हे मला मोलाचे वाटते.

निर्माता नॉर्मन लिअर याने आर्ची बराचसा स्वतःच्या वडिलांवरून घेतला होता. बायकोला गप्प करण्याची आर्चीची दरडावणी ही मुळात लिअरच्या वडिलांची. आर्चीत द्वेषापेक्षा बदलत्या जगाची भीती अधिक आहे, असे लिअर सांगत आला. हे ध्यानात घेतले म्हणजे या पात्रात इतकी ऊब कोठून आली ते कळते. लेखिका लॉरा हॉब्सन यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील दीर्घ लेखात याच उबेवर बोट ठेवले होते : खरा वंशद्वेष्टा ज्या विखारी शिव्या वापरतो त्या गाळून, पुसूनपासून घेतलेला आणि म्हणून प्रेमळ वाटणारा द्वेष तुम्ही लोकांना दाखवता, असा त्यांचा आक्षेप होता. लिअरने त्याच वृत्तपत्रात उत्तर दिले. वाद दोघांनीही तळमळीने घातला. माझे मन लिअरकडे झुकते, कारण पूर्वग्रह केवळ राक्षसांच्या ठायी असतात असे दाखवले असते तर एकाही प्रेक्षकाने स्वतःकडे पाहिले नसते.

पुरवणीवाचक

हडसनकाठ यांच्याशी मी असहमत आहे आणि हॉब्सन यांच्याशीही. दोघेही आर्चीची ऊब निर्णायक मानतात. परंतु ‘ऑल इन द फॅमिली’ ज्या ब्रिटिश मालिकेवरून घेतली, त्या जॉनी स्पाइट यांच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’मधला आल्फ गार्नेट आठवून पाहा. लंडनच्या ईस्ट एंडमधला हा माणूस आर्चीपेक्षा कितीतरी कडू आहे. कर्कश, खुनशी, आणि कुठल्याही भागात मवाळ न होणारा. ती भूमिका करणारे वॉरन मिचेल ज्यू होते आणि राजकीय मतांनी आल्फच्या अगदी विरुद्ध टोकाला होते. तरीही त्यांना भेटून आल्फच्या मतांबद्दल शाबासकी देणारे प्रेक्षक निघालेच. ऊब नव्हती, तरी गैरसमज झाला. मग त्याचे खापर उबेवर कसे फोडता येईल?

माझ्या मते कारण रचनेत आहे. विनोदी मालिकेत चुरचुरीत वाक्ये ज्याच्या वाट्याला येतात, प्रेक्षकाचा कान त्याच्याकडे लागतो, मग तो कितीही चुकीचा असो. मायकेल बरोबर बोलतो, पण भाषण केल्यासारखा बोलतो, आणि तेही सासऱ्याचे जेवण जेवता जेवता. आर्चीची भूमिका करणाऱ्या कॅरल ओ’कॉनर यांच्यासारखा नट समोर असताना केवळ योग्य बाजू घेऊन भागत नाही.

म्हणूनच मला शेजारचे जेफरसन कुटुंब या मालिकेचा कणा वाटते. लायनेल जेफरसन हा कृष्णवर्णीय तरुण आर्चीच्या हो ला हो मिळवतो, आणि ते इतक्या सफाईने, की आपली थट्टा चालली आहे हे आर्चीखेरीज खोलीतल्या सगळ्यांना कळते. तेथे आपण कशाला हसतो आहोत याविषयी संदिग्धता उरत नाही, कारण ज्याच्याविषयी बोलले जाते तोच माणूस समोर असतो आणि विनोदाची दोरी त्याच्या हातात असते. फेब्रुवारी १९७२ च्या भागात प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर स्वतःच्याच भूमिकेत बंकरांच्या घरी येतो आणि छायाचित्र काढताना ऐनवेळी आर्चीच्या गालाचे चुंबन घेतो, त्याचेही बळ हेच आहे. १९७५ च्या जानेवारीत जेफरसन कुटुंब स्वतंत्र मालिकेत गेले, तेव्हापासून आर्चीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही, असे मला वाटते.

लिंबोणी

पुरवणीवाचक, तुम्ही सांगितलेला फरक ध्यानात ठेवून मी काही भाग पुन्हा पाहिले. लायनेल खोलीत असताना मला संकोच वाटत नाही आणि आर्ची केवळ घरच्यांसमोर बोलत असताना वाटतो, हे खरे आहे. पण मग १९७८ चा तो भाग कसा समजून घ्यायचा, ज्यात आर्ची आणि मायकेल आर्चीच्या बारच्या कोठारात अडकतात? तेथे ज्याच्यावर टीका होते असा तिसरा कुणी नाही, आणि तरीही मला तो आजवरचा सर्वोत्तम भाग वाटला.

हडसनकाठ

त्या रात्री दारूच्या अमलाखाली आर्ची आपल्या लहानपणाविषयी बोलतो. गरिबीमुळे एका पायात जोडा आणि दुसऱ्यात बूट घालून शाळेत जावे लागले म्हणून मुलांनी चिडवले, वडिलांनी मारले, कोंडून ठेवले. आणि तरी, ज्याने माझ्यावर प्रेम केले त्याने मला चुकीचे कसे शिकवले असेल, असे तो मायकेलला विचारतो. मायकेलकडे भाषण तयार असते, पण तो ते करत नाही. तो झोपलेल्या सासऱ्याच्या अंगावर पांघरूण घालतो. पुरवणीवाचकांचे रचनेविषयीचे म्हणणे मला पटले आहे; त्यात एवढीच भर घालतो, की येथे वाद घालणारा स्वतःहून थांबतो, आणि आर्चीचे एकही मत मान्य न करता प्रेक्षकाला त्याच्याजवळ बसता येते. ही सोय आधीच्या सात पर्वांत पेरलेल्या उबेशिवाय झाली नसती.  या धाग्यावर कुणी ‘आर्ची बंकर्स प्लेस’ ही आर्चीची पुढची मालिका पाहिली असेल, तर एडिथच्या मृत्यूनंतरच्या आर्चीविषयी त्यांनी जरूर लिहावे.