कर्करोगाचे निदान उशिरा झाले, तर डॉक्टरांची जबाबदारी कशावरून ठरवावी?

रामबागकर (इंदूर)

माझ्या आत्याला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शौचावाटे रक्त जाऊ लागले. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मूळव्याधीचे निदान करून मलम आणि इसबगोल लिहून देण्यात आले. पुढचे आठ महिने ती त्याच डॉक्टरांकडे जात राहिली. हिमोग्लोबिन 12 वरून 8 वर आले तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण रक्त नेमके कुठून जाते हे कोणी पाहिले नाही. दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी पहिल्याच भेटीत बोटाने गुदमार्गाची तपासणी केली आणि त्यांना गाठ लागली. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) व बायॉप्सीनंतर (गाठीचा तुकडा तपासल्यानंतर) मलाशयाचा कर्करोग असल्याचे आणि तो यकृतापर्यंत पोहोचल्याचे कळले.

माझे मत स्पष्ट आहे. अशा दाव्यात ‘वेळीच कळले असते तर रुग्ण वाचला असता का’ हा प्रश्न पहिला असू नये. समोर आलेल्या लक्षणांवर त्या-त्या भेटीत काय करायला हवे होते आणि ते केले गेले का, हे आधी पाहावे. पाळी थांबून दहा वर्षे झालेल्या स्त्रीच्या अंगातले रक्त कमी होत आहे आणि शौचातही रक्त दिसते आहे, तर कारण शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देणे ही हलगर्जीच आहे.

निवृत्त शल्यचिकित्सक (मनोरमागंज)

आपल्या आत्यांबद्दल मनापासून वाईट वाटते. तरीही आपल्या मांडणीशी मी सहमत नाही. शौचात रक्त दिसणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्य लोकांना खरोखरच मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असते. शेवटचा अहवाल हातात आल्यावर मागची प्रत्येक चिठ्ठी चुकीची दिसू लागते, पण चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांपुढे तो अहवाल नसतो. आपल्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांवर आधी क्षयाचे उपचार होतात, कारण खोकला, ताप, वजनातली घट आणि एक्स-रेवरची सावली दोन्ही आजारांत असते आणि क्षय कितीतरी पटींनी अधिक आढळतो. अशा प्रत्येक विलंबाला हलगर्जी ठरवले, तर डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी प्रत्येकाला सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी लिहून देतील आणि तो खर्च शेवटी रुग्णाच्याच खिशातून जाईल.

दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या आतड्यातल्या साध्या पॉलिपचा (आतल्या अस्तरावर वाढलेल्या कोंबाचा) कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. यकृतातल्या गाठी त्या आठ महिन्यांतच झाल्या, असे कोणताही प्रामाणिक तज्ज्ञ शपथेवर सांगू शकणार नाही.

ग्राहक आयोगात काम करणारा वकील (तिलकनगर)

डॉक्टरसाहेबांचा दुसरा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा जड आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, त्यामुळे आपला दावा उभा राहू शकतो. त्याच न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांवरील फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली, परंतु भरपाईसाठी ती अट नाही. 2010 साली हैदराबादच्या एका प्रकरणात हिवताप असताना विषमज्वराचे उपचार झाले होते. तिथे वरच्या आयोगांनी नाकारलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केली आणि प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, असेही सांगितले.

मात्र निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी त्यामुळेच नुकसान झाले, हे वेगळे दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये काखेतली गाठ निरुपद्रवी ठरवल्यामुळे लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान सुमारे नऊ महिने लांबले होते आणि रुग्ण बरा होण्याची शक्यता 42 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर आली होती. मुळात ती शक्यता निम्म्याहून कमी होती, म्हणून 2005 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) तीन विरुद्ध दोन मतांनी त्याचा दावा फेटाळला.

मुदतीचेही लक्षात ठेवा: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. कागद मात्र आजच गोळा करा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, पण तीन वर्षे नोंदी जपण्याचे बंधन दाखल रुग्णांपुरते आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या चिठ्ठ्या रुग्णाने स्वतःच घरी सांभाळाव्या लागतात, त्या हरवतात आणि तक्रारदाराची बाजू बहुतेकदा तिथेच लंगडी पडते.

रामबागकर (इंदूर)

चिठ्ठ्या आणि रक्ताचे अहवाल आत्याने जपून ठेवले आहेत. डॉक्टरकाका, क्षयाचे आपले उदाहरण मला मान्य आहे, पण तिथेही थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधांनी सावली हटली नाही, तर पुढे शोध घेणे अपेक्षितच असते ना? पहिल्या भेटीतल्या अंदाजाबद्दल माझी तक्रारच नाही. उपचार लागू पडत नसताना तोच अंदाज आठ महिने कवटाळून बसण्याबद्दल आहे. बोटाच्या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि यंत्र लागत नाही, त्यामुळे खर्च वाढण्याची भीती या प्रकरणाला लागू होत नाही.

राहिली ब्रिटनच्या निकालाची गोष्ट. आपल्या आयोगांवर तो बंधनकारक नाही आणि पाचपैकी दोन न्यायमूर्तींनाही तो पटला नव्हता. 42 चे 25 होणे हे नुकसान नाही, असे त्या रुग्णाच्या घरच्यांना कोण सांगेल?

निवृत्त शल्यचिकित्सक (मनोरमागंज)

बोटाने तपासणी न करण्याचे समर्थन मी करणार नाही. ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. पण कमी झालेल्या शक्यतेचे पैसे मोजायला माझा विरोध कायम आहे, कारण ती टक्केवारी शेकडो रुग्णांवरून काढलेली असते आणि एका रुग्णाच्या बाबतीत ती खरी किती, हे ठरवता येत नाही. आपण दावा कराच, पण तपासणी टाळल्याचा आणि त्यापायी वाढलेल्या त्रासाचा व खर्चाचा करा. तेवढ्यासाठी कोणी तज्ज्ञाचे लेखी मत मागितले, तर ते मी देईन.